'नापास'मधला 'ना'

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत नकारार्थी उपसर्गांचे एक पान ठरलेले असते. 'अन्', 'इन्', 'इम्', 'इल्', 'इर्', 'डिस्', 'नॉन्' अशी उतरंड आणि प्रत्येकापुढे दहा-बारा शब्द. हिंगोली, सेनगाव, औंढ्याकडची मराठी माध्यमाची मुले हे पान पाठ करतात आणि तरीही 'इनपॉसिबल' लिहून गुण गमावतात. आमचा आक्षेप पाठांतराला नाही. मुलाच्या जिभेला जे आधीच अवगत आहे, तेच त्याला परके म्हणून शिकवले जाते, याला आहे.

'पॉसिबल'पूर्वी 'इन्'चा 'इम्' का होतो? 'चंदन' आणि 'चंपा' हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. अनुस्वार एकच, पण 'द'पूर्वी त्याचा 'न्' होतो आणि 'प'साठी ओठ मिटायचे असल्याने 'म्'. 'इम्पॉसिबल'चे रहस्य एवढेच. 'तत्' आणि 'लीन' यांचे 'तल्लीन' ज्याने संधिप्रकरणात शिकले, त्याला 'इल्लीगल' निराळे शिकवावे लागू नये. ग्रीकमधून इंग्रजीत आलेला 'अ' तर आपल्या नञ् तत्पुरुषाचा सख्खा भाऊ. व्यंजनापूर्वी 'अ', स्वरापूर्वी 'अन्' हा 'अज्ञान' आणि 'अनर्थ' यांतला नियम 'एमॉरल' आणि 'अ‍ॅनार्की' यांतही तसाच आहे.

इंग्रजीत 'अन्' हा देशी, जर्मानिक कुळातला आणि 'इन्' लॅटिनमधून आलेला. अशी दुहेरी मिरासदारी मराठीलाही आहे. 'अ', 'निर्', 'वि' संस्कृताचे; 'बे', 'ना', 'गैर' फार्सीचे. बहामनी काळापासून या मुलखाच्या दफ्तरात फार्सी होती, पुढे निजामी राजवटीत, १९४८पर्यंत, उर्दू. पण हे उपसर्ग दफ्तरात थांबले नाहीत. 'बेघर', 'बेचव', 'बेसावध', 'गैरसोय' या शब्दांत फार्सी उपसर्गापुढे घरचाच शब्द उभा आहे. गुणपत्रकावर 'अनुत्तीर्ण' छापले, तरी घरी सांगताना मुलगा 'नापास'च म्हणतो, आणि त्या शब्दात फार्सी 'ना' इंग्रजी 'पास'ला बिनतक्रार चिकटला आहे. याउलट शासकीय मराठीने घडवलेला 'विनाअनुदानित' पाहा. 'विना'ला नाम हवे, म्हणजे 'विनाअनुदान'. 'अनुदानित'चा नकार करायचा तर 'अननुदानित'. आमच्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे या अशुद्ध शब्दाखाली बिनपगारी गेली, हे जाता जाता.

मात्र या पानाचा खरा दोष त्याच्या मथळ्यात आहे : 'विरुद्धार्थी शब्द'. उपसर्ग लागला की उलट अर्थ तयार झाला, ही समजूत दोन्ही भाषांत फसवी आहे. 'गैरव्यवहार' म्हणजे व्यवहाराचा अभाव नव्हे. व्यवहार झालेला असतो, म्हणून तर चौकशी लागते. 'अमूल्य' वस्तू कवडीमोल नसते, तशीच 'इन्व्हॅल्युएबल'ही नसते. 'अनइंटरेस्टेड' न्यायाधीश डुलक्या घेईल, 'डिसइंटरेस्टेड' न्यायाधीश निःपक्षपाती निवाडा देईल. कधी तर नकार आधी आणि मूळ शब्द मागाहून जन्मतो. 'असुर' हा ऋग्वेदात वरुणासारख्या देवतांचाही गौरवाचा शब्द. त्यात नकार नाहीच. पुढे आरंभीचा 'अ' नकाराचा मानला गेला आणि तो काढून 'सुर' हा देववाचक शब्द घडला.

आणि 'निर्गुण'? नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा सांगते ते नरसी याच जिल्ह्यातले. विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढा नागनाथाचे देऊळही इथलेच. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सांगितल्याची कथा इथल्या प्रत्येक मुलाने कीर्तनात ऐकलेली असते. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. विठ्ठलमूर्तीचा सगुण देव तिथे खोटा ठरला नाही, त्याची हद्द तेवढी पुसली गेली. प्रश्नपत्रिकेत मात्र 'सगुण × ____' एवढेच असते. रिकाम्या जागी 'दुर्गुणी' लिहिणाऱ्याला शून्य मिळते आणि 'निर्गुण' लिहिणाऱ्याला एक गुण. त्याचा अर्थ त्यालाही कुणी विचारत नाही.