माझाही रविवार

गेल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे नव्हते, लग्न-मुंज नव्हती, कुठे जायचंही नव्हतं. शेजारच्या वहिनींनी फाटकातूनच विचारलं, "काय, आज निवांत वाटतं?" मी "हो" म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. कारण हा निवांतपणा आपोआप आलेला नव्हता. आदल्या रात्री मी तो चक्क मागून घेतला होता.

त्याचं असं झालं, लेक पुढच्या महिन्यात शिकायला पुण्याला हॉस्टेलवर जाणार. तिच्यासाठी गोधडी शिवायची असं मी चार वर्षं म्हणतेय. सासूबाईंची दोन नऊवारी पातळं, माझ्या आईची एक साडी, सगळं धुऊन कपाटात ठेवलेलं. पण रविवार आला की दळण, इस्त्री, डबे घासणं, आल्यागेल्याचा चहा. 'पुढच्या रविवारी' म्हणता म्हणता सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईनासा झाला. तेव्हा मात्र पोटात धस्स झालं. गोधडी शिवायची कशी, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक!

म्हणून शनिवारी जेवताना सांगून टाकलं, "उद्याचा स्वयंपाक मी करणार नाही." सगळे गप्प. मग ह्यांनी हळूच विचारलं, "खिचडीत पाणी किती घालायचं?"

सकाळी पावसाने उघडीप दिली होती. मोगऱ्याची फांदी कुंडीत खोचली, गवती चहाचे ठोंब वेगळे करून तेलाच्या जुन्या डब्यांत लावले. मग ओसरीवर पातळं पसरली. सासूबाई म्हणाल्या, "आधी लांब टाक्यांनी टाचून घे, नाहीतर झोळ येतो. मग कडेपासून धावदोरा घालत आत ये." लेकीने दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. "आजी, हे हिरवं पातळ कधीचं गं?" "तुझ्या बारशाचं." अठरा वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला वेळ कुठे होता?

मैत्रिणींनो, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण स्वयंपाकघराला तो रविवार अजून लागू झालेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, त्यांचा दीड तासही नाही. वर आपण सुई हातात घेतली की "रिकामपणाचे उद्योग" म्हणायला लोक मोकळे!

मला वाटतं, यात थोडी चूक आपलीही आहे. कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून आपण वाट बघत बसतो. घरातली माणसं वाईट नसतात हो, पण न मागता कुणी ताटावरून उठून कढईपाशी जात नाही.

खिचडी जरा गिच्च झाली होती. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. गोधडी अजून अर्धी व्हायची आहे, म्हणजे पुढचा रविवारही मला हवाय. ह्यांना सांगून ठेवलंय. तुम्हीही एक मागून बघा ना!