ताटाबाहेरचा हिशोब

मिशेलिन या टायर कंपनीच्या मार्गदर्शिकेत तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा अशी जागा. आपल्यातलेही अनेकजण हल्ली तसा करतात. पण हे तारे फक्त ताटातल्या पदार्थांवरून ठरतात. ते रांधणाऱ्यांना पगार मिळतो का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

कोपनहेगनचं ‘नोमा’ घ्या. २००३ साली सुरू झालेलं, पाच वेळा जगातलं सर्वोत्तम ठरलेलं, २०२३ साली माणशी सुमारे ५०० डॉलर घेणारं. तिथे उमेदवारी करणाऱ्यांना २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत पगारच नव्हता. तो सुरू झाला आणि २०२३च्या जानेवारीत शेफ रेने रेडझेपी यांनी जाहीर केलं, की हा व्यवहार टिकणारा नाही, नेहमीचं रेस्तराँ बंद करू. कारणं आणखीही असतील. पण ५०० डॉलरांतही मजुरी बसत नसेल, तर ती इतकी वर्षं कोण भरत होतं?

‘त्यांना शिकायला मिळतं ना!’ असं यावर म्हणतात. मिळत असेल. पण परक्या, महागड्या शहरात महिनोन्‌महिने बिनपगारी राहणं ज्याच्या घरच्यांना परवडतं, तोच मग शिकणार.

अळंबी कोणत्या रानातली, हे आपण तिथे कौतुकाने विचारतो. ती निवडणाऱ्याला पगार आहे का, हेही टेबल राखून ठेवतानाच विचारा. सरळ उत्तर आलं नाही, तर त्या शहरात जेवायला दुसऱ्या जागा पुष्कळ असतात.