बारा दिवसांचं न्हाणीघर

मागच्या महिन्यात हे सदर चुकलं, त्याबद्दल आधी माफी. कारण खरं सांगायचं तर घरात न्हाणीघर नव्हतं. ज्या माणसाला रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात मग घेऊन गल्लीतून काकांच्या घरी जावं लागतं, त्याला लेख सुचत नाहीत.

आमचं घर जुनी इंदूरमधलं, पणजोबांच्या वेळचं. भिंती चुन्याच्या, गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकानं ओट्यावर चढायचं. न्हाणीघर एकच, तळमजल्यावर मागच्या बाजूला, आणि शौचाला उकिडवं बसायचं भांडं. चाळीस माणसं त्यात वाढली, कुणाची तक्रार नव्हती. जानेवारीत आजी अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता खाली बसणं बंद. तिला विजयनगरला आत्याच्या फ्लॅटवर ठेवलं. तिथे लिफ्ट आहे, कमोड आहे. ठरलं असं, की आजी परत यायच्या आत इथलं सगळं बदलायचं.

मिस्त्री आले, त्यांनी भिंतीवर टकटक केलं, नहाणी ट्रॅपमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भिया, दस-बारा दिन का काम हे." मी त्याच रात्री लॅपटॉपवर तक्ता केला. तोडफोड १ दिवस, प्लंबिंग २, प्लास्टर २, टाइल्स ३, फिटिंग २, आणि शहाणपणा म्हणून २ दिवस जास्तीचे. मग आजीला फोन करून तारीख सांगितली. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

तोडफोडीलाच तीन दिवस गेले. वरची फर्शी काढली तर खाली आणखी एक फर्शी, तिच्याखाली चुन्याचा थर. भिंतीतला लोखंडी पाइप हातात घेतला तर बिस्किटासारखा तुटला. मलबा गल्लीत टाकायची सोय नाही, आपलं इंदूर पडलं स्वच्छ शहर. ट्रॉली गल्लीत येत नाही, म्हणून पोती डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायची. हे काही माझ्या तक्त्यात नव्हतं.

मग आलं पाणी. सिमेंट वाळतं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. लवकर वाळलं तर कच्चं राहतं, तडे जातात. म्हणून तराई, म्हणजे रोज पाणी मारणं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवा. दुकानात हल्ली बहुतेक फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं पीपीसी मिळतं, ते या दुसऱ्या प्रकारातलं. प्लास्टरला अगदी तेवढं नाही धरलं तरी घाई करून चालत नाही. आणि आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येणारं ते पाणी आधी स्वयंपाकाला आणि प्यायला, मग उरलं तर भिंतीला. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मध्ये सुकायला वेळ. टाइल्स चिकटवल्या की फटी भरायच्या आधी एक दिवस थांबा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी यात आणखी दोन दिवस धरा: वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते बघायचं. ही परीक्षा टाळली तर शेजाऱ्यांशी संबंध टिकत नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी मिस्त्री एकटेच आले. बरोबरचं जोडपं अलीराजपूरकडचं. "भगोरिया हे ना भिया, अब होली बाद आएंगे." मी इंदूरमध्ये जन्मलो, वाढलो. झाबुआ-अलीराजपूरची माणसं होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाच्या हाटाला घरी जातात हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी फाल्गुनात काम काढताना ते डोक्यात आलं नाही, कारण लॅपटॉपच्या कॅलेंडरमध्ये भगोरिया नाही. त्यांचा मला राग नाही आला. वर्षभर दुसऱ्यांची घरं बांधायची आणि या एका आठवड्यात आपल्या घरी जायचं, त्यात काय चुकलं? पुढे धुळवड, मग रंगपंचमीची गेर. त्या दिवशी इंदुरात कोण थापी हातात घेणार?

बाराव्या दिवशी आत्याचा फोन आला. आजी सकाळपासून पिशवी भरून बसली होती. लुगडी, जपाची माळ, औषधांचा डबा. लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं हे तिच्या पिढीला जड जातं, आत्यानं कितीही केलं तरी. मी म्हटलं, अजून आठ दिवस. मग आणखी आठ. पहिल्यांदा ती रोज विचारायची, "झालं का रे?" नंतर तिनं विचारणं सोडलं, आणि ते जास्त लागलं.

पुढची चूक शुद्ध माझी. सवलत दिसली म्हणून कमोड आधीच आणून ठेवला. तो निघाला जमिनीत निकास असलेला, एस ट्रॅपचा, आणि आमचा पाइप बाहेर पडतो भिंतीतून, त्याला पी ट्रॅप हवा. बदलून आणण्यात चार दिवस गेले.

शेवटी काम ३६ व्या दिवशी आटोपलं. तेव्हाही गिझर आणि आरसा बाकीच होते. मला सवय आहे म्हणून मी रोजची नोंद ठेवली होती. ती उघडून बसलो तर कळलं, मिस्त्रींनी प्रत्यक्ष काम केलेले दिवस १३. बाकी सुकायचे ७, सणाचे ९, कमोडचे ४, पाणी किंवा माल नाही म्हणून गेलेले ३. म्हणजे मिस्त्री खोटं बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं काम किती दिवसांचं आहे, आणि मी ऐकलं बाराव्या दिवशी काम संपेल. गंमत अशी की ऑफिसात माझा मॅनेजर माझ्याबरोबर रोज हेच करतो आणि मी त्याच्यावर चिडतो.

या चुकीला नाव आहे, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे नियोजनातला भ्रम. डॅनियल काह्नमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ते दिलं. काह्नमन स्वतःचीच गोष्ट सांगायचे. इस्रायलमध्ये शाळेसाठी पाठ्यपुस्तक लिहायला त्यांची मंडळी जमली होती. सगळ्यांनी अंदाज दिला साधारण दोन वर्षांचा. त्यांच्यातल्या एका जाणकारानंही तोच दिला. मग त्याला विचारलं, अशा इतर गटांना किती वेळ लागला? तो गप्प झाला आणि म्हणाला, सात वर्षांच्या आत कुणाचंच झालं नाही. दोन्ही आकडे एकाच डोक्यात होते, पण अंदाज देताना त्यानं दुसऱ्याकडे पाहिलंच नाही. पुस्तकाला आठ वर्षं लागली. (आपलं लालबाग १८८६ ला सुरू होऊन १९२१ ला पुरं झालं, पण तिथे आंघोळीची गैरसोय नसावी.)

मग मी उशिरा का होईना, गल्लीतल्या पाच घरांत विचारलं. तीन आठवड्यांच्या आत कुणाचंच झालं नव्हतं, दोघांना दीड महिना लागला होता. पाच कप चहाचं काम होतं, पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

आजी-आजोबांसाठी करत असाल तर दोन गोष्टी टाइल्सच्या आधी ठरवा. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्यावरच अडकतं. आणि धरायचे बार कुठे बसणार ते भिंतीवर खूण करा. चुन्याच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, आमच्या मिस्त्रींनी तेवढा पट्टा फोडून काँक्रीट भरलं.

आजी आली. वॉकर घेऊन आत गेली, बाहेर आम्ही सगळे उभे. आतून आवाज आला, "अरे, हे धरायचं फार वर लावलंत." आजी नव्हती म्हणून आम्ही आईला खुर्चीवर बसवून माप घेतलं होतं, आणि आई तिच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "एक घंटे का काम हे, भिया." मी आजीला पुढच्या रविवारची तारीख सांगितली आहे. म्हणजे या नव्हे, त्याच्या पुढच्या.