कॅमेऱ्यामागचा मालक

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. अधिसूचनेनुसार कायद्यातील मुख्य कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, बंधनकारक होतील. हा अवधी आस्थापनांना तयारीसाठी आहे. राजधानीतील सरकारी भवने असोत वा नोएडा-गुरुग्राममधील कारखाने, कामाच्या जागी बसविलेल्या कॅमेऱ्यांबाबत ही तयारी सहसा ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ या पाटीपाशी थांबते. ओळखू येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रीकरण ही त्याची वैयक्तिक माहितीच असल्याने ते कायद्याच्या कक्षेत येते, आणि ते साठविणारा मालक त्या माहितीचा विश्वस्त ठरतो. विश्वस्ताची जबाबदारी पाटी लावून संपत नाही.

या कायद्याचे सातवे कलम मालकाला मोठी सवलत देते. नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान वा दायित्व टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरता येईल, असे ते सांगते. व्यापारी हेरगिरी रोखणे आणि गोपनीय माहिती जपणे ही त्यातील उदाहरणे. ही सवलत सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. पगारासाठी हात पुढे करणाऱ्याने दिलेली संमती कितीशी मोकळी असते, हे सर्वांना ठाऊक आहे. नेमणूकपत्रासोबत सही करून घेतलेल्या कागदापेक्षा कायद्याने उघडपणे दिलेली मुभा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

मेख पुढे आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे, याची नोटीस देण्याचे बंधन या कायद्यात संमतीच्या मागणीशी जोडलेले आहे. आपल्याविषयी कोणती माहिती साठविली आहे हे जाणून घेण्याचा, ती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्कही मुख्यतः संमती देणाऱ्यालाच मिळतो. सातव्या कलमाने संमतीची गरज संपवली की त्यासोबत नोटीस जाते आणि हे हक्कही जातात. ज्या चित्रीकरणाच्या आधारे कामगारावर शिस्तभंगाची कारवाई होईल, ते पाहू देण्याची मागणी त्याला या कायद्याखाली हक्काने करता येणार नाही. त्याच्या हाती उरतो तो तक्रार करण्याचा मार्ग. पण जी पाळत आहे हेच नीट कळलेले नाही, तिच्याविरुद्ध तक्रार करायची तरी कशी?

ही पोकळी भरण्यासाठी आधार सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच देऊन ठेवला आहे. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपासाठी कायद्याचा आधार, उचित उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता यांची कसोटी सांगितली. सरकार स्वतः मालक असते तेव्हा ही कसोटी त्याला लागू होते; खासगी मालकांनीही ती मोजपट्टी म्हणून वापरावी. तिजोरीवर किंवा यंत्रावर रोखलेला कॅमेरा तिच्यावर उतरेल. जेवणाच्या जागेत, विश्रांतीच्या खोलीत वा संघटनेच्या कार्यालयाच्या दारावर रोखलेला उतरणार नाही, आणि संभाषण टिपणारा तर क्वचितच.

युरोपातील मानवी हक्क न्यायालयाचे दोन निवाडे येथे उपयोगी आहेत. माँटेनेग्रोतील विद्यापीठात व्याख्यानगृहांत लावलेले कॅमेरे २०१७ मध्ये त्या न्यायालयाने प्राध्यापकांच्या हक्कांचा भंग ठरवले. उलट स्पेनमधील एका सुपरमार्केटात मोठ्या चोरीच्या सबळ संशयावरून रोखपालांवर लावलेले छुपे कॅमेरे २०१९ मध्ये समर्थनीय ठरले. कारण ती पाळत ठरावीक जागेपुरती आणि थोड्या दिवसांची होती. कारण किती ठोस, जागा किती आणि काळ किती, हे तीन प्रश्न आपल्याकडील प्रत्येक कॅमेऱ्याला विचारता येतील.

कॅमेरा मुळातच शत्रू आहे, असा याचा अर्थ नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला तो कोठडीतील दुबळ्याच्या रक्षणासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, त्यानंतर डॉक्टरांनीच कॅमेऱ्यांची मागणी केली. पण संरक्षणासाठी लावलेला कॅमेरा निष्काळजीपणे सांभाळला तर काय होते, तेही फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीची दृश्ये बाहेर पडून समाजमाध्यमांवर विकली गेली आणि तपासाचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. माहितीच्या सुरक्षेत अशी हयगय झाल्यास नव्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कॅमेऱ्यांचे काम कंत्राटदाराला दिले होते, ही सबब तेव्हा चालणार नाही. जबाबदारी विश्वस्ताचीच राहते.

चित्रीकरण किती दिवस ठेवायचे, हा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ७२ तासांच्या जितके पलीकडे ठेवावे, तितके कारण भक्कम असावे लागते. आपल्या नियमांत मात्र सरकारने नमूद केलेल्या प्रयोजनांसाठी माहिती आणि तिच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याची तरतूद आहे. कार्यालयातील चित्रीकरणाला ती कितपत लागू आहे, हे केंद्राने निःसंदिग्धपणे सांगायला हवे. अन्यथा सावध मालक सारेच साठवील आणि साठा जितका मोठा तितकी गळतीची भीती मोठी.

मे २०२७ ची वाट न पाहता करण्याजोगे बरेच आहे. तीनशे वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेश करावे लागतात. कॅमेरे कोठे आहेत, कशासाठी आहेत, चित्रीकरण कोण पाहतो, ते केव्हा पुसले जाते आणि कारवाई झाल्यास ते कर्मचाऱ्याला कसे दाखविले जाईल, हे त्यांत कामगाराला कळणाऱ्या भाषेत लिहिता येईल. सरकारी कार्यालयांसाठी हेच काम एका परिपत्रकाने होईल. परप्रांतातून आलेला कंत्राटी मजूर आणि दाराशी उभा असलेला पहारेकरी यांनाही त्याची प्रत मिळाली पाहिजे. फाइलींवर टिपणे लिहिणाऱ्या आणि निविदांच्या अटी ठरविणाऱ्या राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना या कामात पुढाकार घेता येईल.

संमती न घेण्याची मुभा कायद्याने मालकाला दिली आहे; न सांगण्याची मुभा त्याने स्वतःहून घेऊ नये. देशातील सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक असलेल्या सरकारनेच तो पायंडा आधी पाडावा. पाळत ठेवणारा उत्तरदायी नसेल, तर पाळतीखालच्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा करता येत नाही.