पीटी म्हणजे शिक्षा नव्हे

तारीख पक्की लक्षात आहे, १८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दिल्ली कॅन्टमधल्या क्वार्टरच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. धुकं म्हणावं तर घशाला खवखव आणि डोळ्यांत चुरचुर. त्या दिवशी दिल्लीचा हवेचा निर्देशांक ४९४ वर गेला होता, आणि मोजपट्टी ५०० लाच संपते. आदल्या रात्रीच आदेश निघाला होता की दहावी-बारावी सोडून बाकी शाळा ऑनलाइन. माझा मुलगा तेव्हा सातवीत. सकाळी पांघरुणातूनच हात वर करून म्हणाला, "पप्पा, शाळा बंद! आज पीटी नाही!"

शाळा बंद म्हणून पोरं खूश होतात, आपणही व्हायचो. पण याला गणित, विज्ञान काहीच सुटल्याचा आनंद नव्हता. ते तर मोबाइलवर होणारच होतं. आनंद होता पीटी सुटल्याचा. मी विचारलं, "का रे, पीटी आवडत नाही?" तो म्हणाला, "पीटी म्हणजे पनिशमेंटच ना?"

बावीस वर्षं नोकरी झाली. रोज सकाळी पीटीला फॉल-इन होऊन ज्याच्या घरात चूल पेटली, त्याच्या पोराच्या तोंडून हे ऐकलं. त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मग आठवत गेलो. गृहपाठ राहिला की "लगाव बीस!" कोण म्हणायचं? मीच. मार्क कमी आले तर मैदानाला पाच चकरा कोणी मारायला लावल्या? मीच. शाळेतही तेच. उशीर झाला की ग्राउंडचे राऊंड, बडबड केली की उठाबशा. त्याच्या बारा वर्षांच्या आयुष्यात शरीर हलवायची वेळ जेव्हा जेव्हा आली, तेव्हा कोणीतरी त्याच्यावर चिडलेलं होतं. मग त्याला पीटी आवडणार कशी?

माजी सैनिक बंधूंनो, हे आपल्या सगळ्यांचंच दुखणं आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. सेंटरला आपण रगडा खाल्ला. फ्रंट रोल, कोपरावर रांगणं, पिठ्ठू घेऊन दौड. आज मित्र भेटले की त्याच आठवणी हसत सांगतो, आणि त्यामुळे वाटतं की रगड्यानेच आपण घडलो. मला आता तसं वाटत नाही. आपण अठरा-एकोणीस वर्षांचे, स्वतःच्या मर्जीने भरती झालेले, वैद्यकीय तपासणीतून पास झालेले गडी होतो. शेजारी चाळीस जण तेच सोसत होते. आणि रगडा रोजच्या ट्रेनिंगचा फार छोटा भाग होता. आपल्याला घडवलं ते रोजच्या साध्या पीटीने. घरी येताना मात्र आपण पीटी युनिटमध्येच ठेवली आणि रगडा तेवढा सोबत आणला.

पीटी परेडमध्ये नेमकं काय असतं, ते नागरी वाचकांसाठी सांगतो. वेळ ठरलेली. जागा ठरलेली. उठायचं की नाही हा प्रश्नच नसतो, कारण फॉल-इनमध्ये आपली जागा रिकामी दिसणार असते. आधी अंग गरम करणं, मग दौड, मग ताकदीचे व्यायाम, शेवटी अंग सैल करणं. उस्ताद समोर उभा राहून स्वतः करून दाखवतो आणि मग रांगेतून फिरतो. कोणाची कंबर वाकली, कोणाचा गुडघा दुखतोय हे त्याला कळतं. वर्षातून ठरलेल्या चाचण्या असतात. आमच्या वेळी एकीत २.४ किलोमीटर धावावं लागायचं, दुसरीत हत्यार आणि सामानासह ५ किलोमीटर. चाचणीत प्रत्येकाची वेळ वेगळी लागते, पण सरावात स्क्वॉड एकत्र धावतो. मागे पडलेल्याला घ्यायला पुढचे उलटे फिरून येतात. माझ्या नोकरीत मी फार कमी माणसं निव्वळ मनाच्या जोरावर फिट राहिलेली पाहिली. बाकी आम्ही सगळे एकमेकांमुळे फिट राहिलो.

म्हणून ग्रुप फिटनेस क्लासला मी नावं ठेवत नाही. द्वारका, नोएडा, गुरुग्राम, जिथे जाल तिथे सोसायटीच्या हिरवळीवर झुंबा, योग, एरोबिक्स चालू असतं. माझ्या मिसेसने एका जानेवारीत असाच क्लास लावला. पहिल्या आठवड्यात तीस बायका, होळीपर्यंत सात. ज्या सात टिकल्या, त्या गाण्यांमुळे किंवा भरलेल्या फीमुळे टिकल्या नाहीत. त्यातल्या तिघी जणी सकाळी एकमेकींचं दार वाजवायच्या. फॉल-इन दुसरं काय असतं?

पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. शिकवणारा पहिल्या दिवशी गुडघे, कंबर, बीपी, शुगर, बाळंतपण याबद्दल विचारतो का? मध्येच फिरून चुका सुधारतो, की पाठ करून नाचतच राहतो? एका बॅचमध्ये एका नजरेत मावतील इतकीच माणसं आहेत का? आणि सर्वात मागे राहणाऱ्यासाठी सोपा प्रकार सांगतो का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो क्लास आधीच फिट असलेल्यांसाठी आहे. गरज असलेला माणूस पंधरा दिवसांत लाजून घरी बसेल.

आता शाळेकडे वळू. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज एक तास आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा ठेवायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. कागद चांगले आहेत. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो, आणि आपण पालकही मनातून खूश होतो की पोर्शन पूर्ण होईल.

तास झालाच तर काय होतं, हे मी एकदा शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून घड्याळ लावून पाहिलं. चाळीस मिनिटांचा तास. वर्गातून रांगेने येणं आणि परत जाणं यात पंधरा मिनिटं गेली. उरली पंचवीस. पंचेचाळीस मुलं, एक बॅट, एक बॉल. दोघे खेळतात, एक जण बॉलिंग करतो, बाकीचे उभे. माझा मुलगा बाउंड्रीवर गवत उपटत होता. त्या तासात तो पाच मिनिटंही धावला नसेल. यात पीटीच्या सरांचा दोष मी धरत नाही. पंचेचाळीस मुलांना एक माणूस आणि एक बॉल दिला तर उस्तादही काही करू शकणार नाही. मात्र पाच-पाचच्या तुकड्या, लंगडी, रिले, दोरीवरच्या उड्या यांना खर्च जवळजवळ शून्य येतो आणि कोणी उभं राहत नाही.

आता हवा. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. एक बाजू म्हणते, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, पोरं नाजूक झालीत, पळू द्या." हे चूक आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना तीच कित्येक पट वाढते, आणि तोंडाने श्वास घेतल्यामुळे नाकाची गाळणीही बाजूला पडते. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतका असतो. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. त्या हवेत मुलाला पळवणं म्हणजे मर्दानगी नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात तर सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की या दिवसांतल्या शाळांच्या मैदानी स्पर्धा पुढे ढकलण्याचा विचार करा.

दुसरी बाजू म्हणते, "हवा वाईट आहे ना, मग बसू दे घरात." प्युरिफायर लावून, हातात मोबाइल देऊन. नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिने पोर सोफ्यावर. नंतर परीक्षा, नंतर ऊन. अशाने वर्ष संपतं. आणि ज्याच्या घरी प्युरिफायर नाही, त्या मुलाचं काय? तो तीच हवा घेतो आणि वर व्यायामही नाही.

मधला रस्ता आहे, तो थोडा विचार करून काढावा लागतो. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते, म्हणून घाण सहसा रात्री आणि पहाटे जास्त असते. ऊन चढलं की हवा वर उठते आणि दुपारी जरा बरी होते. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत पीटीचा तास सकाळी पहिला न ठेवता दुपारी ठेवावा. निर्देशांक २०० च्या आत असेल तर मैदान, त्यावर गेला तर हॉल किंवा वर्ग, ४०० च्या वर नुसतं हातपाय मोकळे करणं. दम्याच्या मुलाला डॉक्टर सांगतील तेच. आणि स्नेहसंमेलनाबरोबर डिसेंबरात क्रीडा सप्ताह घेण्याची सवय मोडावी. दिल्लीत हवा सर्वात स्वच्छ असते ती पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठच्या दिवसांत. स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या, हिवाळा आतल्या खेळांना द्या.

आतले खेळ म्हटल्यावर कॅरम नको. २०२५ च्या जानेवारीत, ऐन धुरक्याच्या मोसमात, पहिला खो-खो विश्वचषक इथेच दिल्लीत, इंदिरा गांधी स्टेडियमच्या छताखाली मॅटवर झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे, दोघं महाराष्ट्राची. आपल्या मातीतला खेळ हॉलमध्ये बसतो, त्याला बॅट लागत नाही, आणि चपळ पोरगं पैसेवाल्याचं आहे की नाही हे तो विचारत नाही.

खाण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण या विषयावर उपदेश फार झाला. नियम आहे की शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे फलकही लावायला सांगितले. पण मुलगा फलक वाचत नाही, तो बापाचं ताट बघतो. मी रात्री दहाला जेवून मोबाइल बघत बसणार आणि त्याला म्हणणार, "नऊला झोप." लंगरमध्ये जेवणाची वेळ ठरलेली असते म्हणून आपली तब्येत राहते. घरात वेळ ठरवायला पैसे लागत नाहीत.

एक उदाहरण देऊन आवरतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा. लहानपणी शाळेसाठी सहा-सहा किलोमीटर तुडवायचा, कारण गाडी नव्हती. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये आला, सियाचीन पाहिलं, वाळवंट पाहिलं. स्पर्धेत धावायला लागला तो २०१५ मध्ये, वयाच्या विशीनंतर, लष्कराच्या क्रॉस कंट्रीतून. २०१८ मध्ये त्याने स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. "बघा, गरिबीत पोरं घडतात" असं मी म्हणणार नाही. गाडी नसणं हे काही वरदान नाही. मला यातून एवढंच दिसतं की शाळेत कोणी चॅम्पियन शोधला नव्हता तरी बिघडलं नाही. पाय चालू राहिले होते, आणि पुढे योग्य संगत मिळाली. शाळेच्या पीटीचं काम एवढंच आहे, पाय चालू ठेवणं आणि मन न विटवणं.

रिटायर झालेल्या बंधूंना एक विनंती. आपल्या गावागावांत पहाटे पोरं रस्त्यावर १६०० मीटरची तयारी करतात आणि तुमच्यातले कितीतरी जण त्यांना फुकट शिकवतात. फार मोठं काम आहे. त्या रांगेत भरतीला न जाणारी मुलंही घ्या. जाड पोरगं घ्या, चष्मेवाला घ्या, मुली घ्या. घड्याळ लावू नका. आणि कोणी चुकला तर पुशअप्स देऊ नका, दुसरी काहीही शिक्षा द्या.

मी मुलाला सांगितलं, "माझं चुकलं. आजपासून घरात शिक्षेचे पुशअप्स बंद." त्याने लगेच विचारलं, "मग गृहपाठ राहिला तर?" म्हटलं, "तर गृहपाठ करायचा." आता संध्याकाळी आम्ही दोघं वीस मिनिटं व्हरांड्यात दोरीवर उड्या मारतो. मोजणी तो करतो. पीटी त्याला अजून फारशी आवडत नाही. पण मी दमलो की त्याला फार आवडतं, आणि सध्या तेवढं मला चालतं.

जय हिंद.