तीन कोटी ओळींची शाळा

आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात 'लिनक्स' नावाचा एक गाभा चालत असतो. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहायला घेतला, तेव्हा त्याच्या ओळी दहा हजारांच्या आसपास होत्या. आज त्या तीन कोटींच्या पलीकडे गेल्या आहेत. हा कोड कोणालाही वाचता येतो, बदलून पाहता येतो. मात्र आधी आराखडा आणि मग बांधकाम, असे इथे कधी झालेच नाही. माहितीपत्रके पुष्कळ आहेत, पण बरीचशी मागाहून लिहिलेली. मग जगभरातली नवी मुले यात शिरतात तरी कशी?

शिरतात ती एखाद्या बारीकशा दुरुस्तीचे बोट धरून. सगळे वाचून मग हात घालीन म्हणणारा कधीच हात घालत नाही. बिघडलेली ओळ सापडली की तिचा इतिहास काढायचा. टोरवाल्ड्सनेच २००५ साली रचलेल्या 'गिट'मध्ये प्रत्येक बदलाशेजारी करणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण नोंदलेले असते. कोड काय करतो हे ओळ सांगते. का करतो, ते ही नोंद. (बँकेत आमच्याकडेही नियमांची जाडजूड पुस्तके होती. काम शिकलो ते जुन्या व्हाउचरांवरचे शेरे वाचून!)

गंमत अशी की मुख्य संग्रहातला हा माग एप्रिल २००५ पाशी तुटतो. त्याआधीच्या साऱ्या ओळी एकाच दिवशी एकट्या टोरवाल्ड्सच्या नावावर पडलेल्या दिसतात. जुन्या नोंदी वेगळ्या संग्रहांतून जुळवाव्या लागतात, नाहीतर त्या विभागाचा सांभाळ करणाऱ्या जाणत्याला गाठावे लागते. खरा मास्तर हाच. तो बदल तपासतो, परत धाडतो, 'कारण लिही' म्हणतो. सूर नेहमीच गोड नसतो; खुद्द टोरवाल्ड्सने २०१८ साली आपल्या तिखट भाषेबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली होती.

मला धास्ती वाटते ती पुढची. आता यंत्र काही क्षणांत बदल लिहून देते, आणि त्याला शोभेलसे कारणही. 'हे इथेच का?' असे जाणत्याने विचारले, तर पाठवणारा ते पुन्हा यंत्रालाच विचारणार. बदल कदाचित बिनचूक असेलही. पण टोरवाल्ड्स १९६९ सालचा. त्याच्या पिढीने विभाग खाली ठेवले, की ते उचलायला कोण येणार?