काचेआडची उपासमार

खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडलेला वाळूतला तारामासा पाहता पाहता वाळूखाली दिसेनासा होतो आणि घरातली मंडळी टाळ्या पिटतात. पुढे तो आठवडाभर दिसला नाही तरी कुणाच्या जिवाला घोर लागत नाही; लपणे हा त्याचा स्वभावच, अशी सगळ्यांची समजूत असते. त्या समजुतीखाली तो उपाशी मरतो. पैसे मोजून विकत घेतलेली ही हिंसा आहे.

‘वाळू साफ ठेवतो’ एवढे सांगून तो विकला जातो आणि आपल्याला तेवढे पुरते. सफाई करणाऱ्याच्या पोटाची चौकशी करायची नाही, ही सवय आपल्याला माणसांच्या बाबतीतच जडली आहे; मुक्या जिवापर्यंत ती पोहोचली यात नवल नाही.

खरे तर अ‍ॅस्ट्रोपेक्टेन नावाचा हा तारामासा शिकारी प्राणी. वाळूतले बारीक शंख-शिंपले तो अख्खे गिळतो आणि रिकामी कवचे तोंडावाटेच बाहेर टाकतो. घरच्या टाकीतले हे भक्ष्य काही महिन्यांत संपते. मग त्याचे शरीर स्वतःलाच खाऊ लागते, भुजांची टोके झिजून गळतात. आपण मात्र स्वच्छ वाळूकडे बोट दाखवून पाहुण्यांकडून कौतुक करून घेतो.

आपल्या टाकीतला तारामासा कोणता, हे ओळखणे अवघड नाही. त्याला पाण्याबाहेर न काढता काचेच्या भांड्यात घ्या आणि खालून पाहा. भुजांच्या कडेने कंगव्यासारखे काटे आणि टोकदार, चूषक नसलेले पाय दिसले, तर तो अ‍ॅस्ट्रोपेक्टेन. त्याच्यासारखाच दिसणाऱ्या आर्कास्टर या दुसऱ्या तारामाशाच्या पायांना चूषक असतात आणि तो वाळूतल्या सेंद्रिय गाळावर जगतो. अ‍ॅस्ट्रोपेक्टेनला रात्री दिवे मालवल्यावर शिंपल्याच्या मांसाचा किंवा कोळंबीचा लहान तुकडा त्याच्याजवळ वाळूत पुरून द्यावा लागतो, आठवड्यातून दोन-तीनदा. उरलेला सकाळी आठवणीने काढावा लागतो.

आता आपल्या चंद्रपुराचा विचार करा. उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपुढे जातो. टाकीतले पाणी २५ अंशांच्या आसपास हवे, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली की सारा खेळ संपला. समुद्रापासून शेकडो कोसांवर, या भट्टीत, कोणत्या अधिकाराने आपण तो जीव आणायचा? ताडोब्यातल्या वाघासाठी आपला ऊर भरून येतो, कारण वाघ दिसतो. वाळूखालची भूक दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे आपण धरून चालतो. ही दया नव्हे, नजरेची हौस आहे.

याच मुलखात, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. गावकऱ्यांनी आधी अभ्यास केला, मग जबाबदारी घेतली. आम्ही शिकलेले लोक जीव आधी विकत घेतो आणि तो काय खातो हे तो मेल्यावर विचारतो!

ज्यांच्या टाकीत तारामासा आहे, त्यांनी आज रात्रीच वाळू हळूच चाचपून तो जिवंत आहे का ते पाहावे आणि त्याला खाऊ घालावे. ज्यांनी अजून आणलेला नाही, त्यांनी कृपा करून आणू नये.